खाल्ल्या मिठाला

नवरा माझा समुद्रातून मीठ काढतो.
सूर गावाच्या किनाऱ्याला, कुंपणाआड, पांढऱ्या नळकांड्यांच्या रांगा;
खारं आत जातं, गोडं बाहेर येतं, गावाला पुरतं.
आणि संध्याकाळी घरी येऊन तो
ताटाशेजारच्या वाटीतली गोळी उचलतो.
तेही एक मीठच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
दगडातून निघणारं.
तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो,
चार महिन्यांत पहिल्यांदा.

त्याआधी त्यानं अर्धं गलबत विकत घेतलं होतं.
अर्धं म्हणजे खरंच अर्धं,
गोदीत कलतं पडलेलं, फासळ्या उघड्या, सागाच्या वासाचं.
वेंगुर्ल्याला आता समुद्रानंच जायचं, म्हणाला,
आणि विमानाची तिकिटं रद्द करून मोकळा झाला.
नऊ रात्री डोळ्याला डोळा नव्हता त्याच्या.
इतका देखणा तो मला कधी दिसला नव्हता.
हे मी कुणाला सांगत नाही.

मग पैसे बुडाले, पाठोपाठ तोही.
जानेवारी ते मार्च, भिंतीकडे तोंड.
शेजारच्या अम्मिणीचेची दाराशी उकडलेला कप्पा ठेवून जायच्या,
बेल न वाजवता.
सासूबाई फोनवर: मीठमोहऱ्या ओवाळून टाक गं एकदा.
म्हटलं, मीठच सुरू केलंय, आई.

आता फ्रिजवर एक कागद आहे,
त्याच्याच अक्षरात, बऱ्या दिवसांत बसून लिहिलेला:
सलग दोन रात्री चार तासांहून कमी झोपलो
तर कार्ड आणि गाडीची किल्ली उज्वलाकडे.
मी ओरडेन. तरी परत देऊ नये.

ऑगस्टमध्ये ओरडला.
मी काही बोलले नाही, कागदाकडे बोट केलं.
बराच वेळ तो स्वतःच्या अक्षराशी भांडत उभा राहिला.
माझ्या नावातला एक ज राहून गेला होता,
पेन शोधून तेवढा घातला,
मग किल्ली ओट्यावर ठेवली. आपटूनच.

साहेबांना सांगायचं का, यात महिना गेला.
रात्रपाळी नको म्हणावं तर कारण विचारणार,
कारण सांगावं तर नोकरी, नोकरीमागे व्हिसा,
व्हिसामागे निषादची दहावी.
शेवटी तोच गेला सालिम अल अरैमींच्या खोलीत.
काय बोलले दोघं, ठाऊक नाही.
येताना खिशात चार खजूर होते
आणि वेळापत्रकात नुसती सकाळ.
उद्या साहेब बदलले तर?
ते उद्या.

उन्हाळ्यात मात्र जीव टांगणीला.
घामानं पाणी जातं, रक्तातलं मीठ चढतं,
म्हणून त्याच्या बाटलीवर निषादनं मार्करनं रेघा मारल्यात:
दहा वाजता इथपर्यंत, बाराला इथपर्यंत.
कपातला चहा थोडा हिंदकळतो हातात.
आम्ही कप अर्धाच भरतो, दोनदा देतो.

परवा मॅच जिंकल्यावर तो उठून नाचला,
आणि आम्ही मायलेक एकदम गप्प.
निषादचा हात वहीकडे गेलेला.
अरे, तो म्हणाला, हा नुसता आनंद आहे.
मला एवढा तरी राहू द्या.
खोटं नव्हतं.
वही मिटली. पण त्या रात्री
त्याचं घोरणं सुरू होईस्तोवर मी मोजत होते.

खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात.
आमच्याकडे मिठाला जागायचं म्हणजे
साडेदहाला दिवे मालवून झोपायचं.
एसीची घरघर, खिडकीपल्याड ऐजाच्या दीपस्तंभाची उघडझाप.
मला वाटतं तो झोपला.
अंधारातून आवाज येतो:
तूही मिट आता डोळे, उज्ज्वला.
आज माझी पाळी नाही, तुझीही नाही.